माती, भट्टी आणि विचार: आजच्या सिरॅमिक कलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भट्टी उघडायच्या दिवशी आम्ही ओळखीच्या माणसांना स्टुडिओत बोलावतो. चहा होतो, अजून कोमट असलेली भांडी फळ्यांवर मांडली जातात आणि मग प्रश्न सुरू होतात. शेजारच्या काकू, कॉलेजातली मुलं, निवृत्त इंजिनिअर अशा सगळ्यांनी गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे जरा सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः चाकावर बसते, त्यामुळे यात माझ्या आवडीनिवडी येणारच.

सिरॅमिक म्हणजे नेमकं काय? टेराकोटा, स्टोनवेअर, पोर्सलीन ही सगळी वेगवेगळी असतात का?

सगळी एकाच घरातली. कच्चं मडकं पाण्यात टाकलं तर विरघळून पुन्हा चिखल होतो. पण साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिक रीतीनं बांधलेलं पाणी निघून जातं आणि त्यानंतर ती पुन्हा कधी चिखल होत नाही. मातीचं सिरॅमिक होतं ते इथे.

पुढचा फरक आचेचा आणि मातीच्या जातीचा. पणती, माठ, संक्रांतीची सुगडं ही कमी आचेची, साधारण ८०० ते १,१०० अंशांची. त्यांच्या अंगात बारीक छिद्रं राहतात, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. लोणच्याची जुनी बरणी, वर तपकिरी आणि खाली पिवळसर, आठवते ना? ती स्टोनवेअर. १,२०० अंशांच्या वर तिची माती आतून काचेसारखी घट्ट होते, म्हणून मीठ, तेल, आंबट काहीही वर्षभर मुरलं तरी बाहेर येत नाही. पोर्सलीन पांढऱ्या शुभ्र केओलिन मातीचं. तेही तसंच चढ्या आचेवर भाजतात, आणि पातळ केलं तर त्यातून उजेड दिसतो.

घरात माठ आणि बरणी दोन्ही असतील तर शेजारी ठेवून बोटानं वाजवून बघा. वाचून जे कळणार नाही ते कानाला कळेल.

मातीची भांडी तर हजारो वर्षं होताहेत. मग "समकालीन" म्हणजे नवीन काय?

भांड्यात विचार ठेवणं मुळीच नवीन नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात पुरलेला माणूस सापडला. त्या रांजणाला पाय कुणी आणि का दिले असतील, याचा मी अनेकदा विचार करते. धान्याच्या रांजणाला कुणी असे पाय देत नाही.

नवीन काय झालं ते मला जपानच्या एका उदाहरणावरून सांगायला आवडतं. १९४८ मध्ये क्योतोमध्ये यागी काझुओ आणि त्याच्या मित्रांनी "सोदेइशा" नावाचा गट काढला. ही कुंभारकाम रक्तात असलेली तरुण मुलं, नुकतंच संपलेलं महायुद्ध त्यांनी पाहिलेलं. १९५४ मध्ये यागीनं चाकावर एक गोल कडं फिरवलं, ते उभं केलं आणि त्याला भोवतीनं छोट्या छोट्या नळ्या चिकटवल्या. एखादा किडा चालत निघावा तसं ते दिसतं. त्यात पाणी ओतता येत नाही, फूल ठेवता येत नाही. चाक, माती, ग्लेझ (भांड्यावर भाजून बसवलेला काचेसारखा लेप), भट्टी सगळं परंपरेतलं, आणि भांड्याचं काम तेवढं काढून घेतलेलं. त्याच सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसला पीटर वोल्कस चाकावरची मोठमोठी भांडी कापून, भोसकून, एकमेकांवर चढवून ठेवत होता. दोघांनीही मातीला विचारलं की तुला आणखी काय सांगता येतं? आजचे कलावंत त्याच प्रश्नाची उत्तरं देत आहेत.

काही कलावंत भांडी मुद्दाम फोडतात. ही कसली कला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा दुखावलेल्या आवाजात येतो. मला ते दुखणं समजतं.

चिनी कलावंत आय वेवे यांचं १९९५ चं काम म्हणजे तीन कृष्णधवल छायाचित्रं. पहिल्यात त्यांच्या हातात हान राजवटीतला सुमारे दोन हजार वर्षं जुना घट आहे, दुसऱ्यात तो हवेत आहे, तिसऱ्यात पायाशी ठिकऱ्या. चेहऱ्यावर काहीच भाव नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमध्ये "जुनं ते सगळं मोडा" असा सरकारी हुकूम होता आणि किती मंदिरं, पुस्तकं, वस्तू नष्ट झाल्या याची गणती नाही. आय वेवेंचे वडील कवी होते, त्यांना हद्दपारी भोगावी लागली. हे माहीत असलं की त्या तीन छायाचित्रांतला कोरा चेहरा वेगळा दिसायला लागतो. एका घटासाठी आपण हळहळतो, मग त्या सगळ्या मोडतोडीसाठी कुणी हळहळलं का? प्रश्न मला पटतो. तरी तिसरं छायाचित्र पाहताना पोटात अजूनही खड्डा पडतो, आणि तो पडायलाच हवा असं मला वाटतं.

इंग्लंडच्या क्लेअर टूमी यांनी फोडायचं काम प्रेक्षकाकडे सोपवलं. त्यांनी बोन चायनाच्या पातळ, पोकळ फरश्या वाटेत अंथरल्या. पलीकडे जायचं तर त्यावरूनच जायचं. पाय टाकला की फरशी चिरडते, तिचा आवाज येतो, मागे तुमच्या पावलाचा खड्डा राहतो. काहीजण परत फिरतात, काही कडेकडेनं जातात, काही सरळ चालत सुटतात. इथे काम पूर्ण होतं ते तुमच्या पावलाखाली.

आणि माझं सर्वांत आवडतं, कोरियाच्या यी सू-क्यूंग यांचं. कोरियात परंपरेनं काम करणारे उस्ताद भट्टीतून निघालेलं भांडं जरा जरी मनासारखं नसलं तरी फोडून टाकतात. यी सू-क्यूंग त्या टाकून दिलेल्या खापऱ्या गोळा करतात आणि एकमेकींना जोडत जातात, तेही मूळच्या आकाराचा आग्रह न धरता. चार वेगवेगळ्या भांड्यांचे तुकडे मिळून फुगलेला, गाठाळ, पुंजक्यांसारखा वाढलेला एक नवाच आकार तयार होतो. सांधे २४ कॅरट सोन्याच्या वर्खानं झाकलेले असतात. कोरियन भाषेत "गुम" या शब्दाचा अर्थ सोनं, आणि तडा हाही अर्थ. एवढ्या एका शब्दावर त्या दोन दशकांहून अधिक काळ काम करत आहेत.

आपल्याला हे खरं तर परकं वाटायला नको. आपण दहीहंडी फोडतो आणि आनंद करतो. स्मशानात खांद्यावरचं पाण्याचं मडकं फोडतो तेव्हा सगळे गप्प होतात. मडकं फुटण्यातून काहीतरी कायमचं सांगितलं जातं, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

सूर्यफुलाच्या बियांचं ते प्रसिद्ध काम काय होतं? आणि ते इतरांकडून करून घेतलं, मग कलाकृती कुणाची?

तेही आय वेवेंचंच. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड दालनात पोर्सलीनच्या सुमारे १० कोटी सूर्यफूल-बिया पसरल्या होत्या, वजन अंदाजे १५० टन. लांबून ती राखाडी वाळू वाटायची. जवळ गेलं की प्रत्येक बी वेगळी, प्रत्येकीवर हातानं काढलेल्या काळ्या रेघा. जिंगदेजेन हे चीनचं शतकानुशतकं पोर्सलीन करणारं शहर. तिथल्या सुमारे १,६०० कारागिरांनी अडीच वर्षं खपून त्या केल्या.

माओच्या काळातल्या भित्तिचित्रांत माओ सूर्य आणि जनता त्याच्याकडे तोंड करून उभी सूर्यफुलं. त्याच काळात, खायला फारसं काही नसताना, मूठभर बिया एकमेकांना देणं ही मैत्रीची खूण होती. दोन्ही आठवणी एकाच बीमध्ये.

सुरुवातीला लोक त्यावरून चालत होते, मुठी भरून घेत होते. पण घासल्या गेलेल्या बियांतून धूळ उडायला लागली. सिरॅमिकची बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून काही दिवसांतच लोकांना आत सोडणं बंद झालं. या गोष्टीवर मी थांबते. प्रेक्षकांना काही दिवसांत धोका ठरलेली धूळ मातीत काम करणाऱ्यांच्या रोजच्या वाट्याची असते. आम्हीसुद्धा स्टुडिओत सुका झाडू वापरत नाही, ओल्या फडक्यानंच पुसतो.

कलाकृती कुणाची, याचं माझं उत्तर: कल्पना आय वेवेंची, रेघा त्या १,६०० जणांच्या, आणि या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात. ते काम हातांच्या संख्येबद्दलच बोलतं, म्हणून तिथे तर ते सांगणं फारच गरजेचं.

चित्र नाही, नक्षी नाही, ग्लेझही नाही, नुसता घडा. त्यात "कल्पना" कुठे शोधायची?

यासाठी मॅग्डालीन ओडुंडो यांचं काम पाहा. जन्म केनियातला, १९५० चा. शिक्षणासाठी त्या १९७१ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथून कुंभारकाम शिकायला नायजेरियातल्या अबुजाच्या केंद्रात पोहोचल्या. तिथे ग्वारी समाजातल्या बायका चाकाशिवाय, स्वतः भांड्याभोवती फिरत, मोठाले घडे उभारत. त्या परंपरेतल्या लादी क्वाली यांचं चित्र नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आहे. आपल्या नोटेवर कुंभारीण कधी येईल, असं मला नेहमी वाटतं.

ओडुंडो चाक वापरत नाहीत. मातीचा गोळा आतून पोकळ करत वर ओढायचा, त्यावर मातीच्या वळ्या चढवत जायचं, भोपळ्याच्या टणक सालीच्या तुकड्यानं खरवडून अंग एकसारखं करायचं. मग पातळ मातीचा लेप आणि घोटणं. गुळगुळीत दगडानं तासन्‌तास घोटणं. ती चकाकी ग्लेझची नव्हे, मातीचे कण दाबून आडवे बसवल्याची आहे. पहिल्या भाजणीत भट्टीत हवा खेळती असते, तेव्हा घडा केशरी-लाल होतो. काळा हवा असेल तर दुसऱ्यांदा भाजायचं, या वेळी लाकडाच्या भुश्यासारखं जळाऊ काहीतरी सोबत कोंडून. हवा पुरत नाही, धूर मातीत शिरतो. कुठे लाल, कुठे काळा, कुठे दोन्हींमधला तपकिरी ढग, हे शेवटी आगीच्या हातात.

आता आकार पाहा. आपण भांड्याला तोंड, मान, गळा, पोट, बूड असेच शब्द वापरतो. मराठीत घड्याचं वर्णन माणसाच्या शरीराच्या शब्दांतच होतं. ओडुंडो याच जागेवर काम करतात. मान जराशी मागे झुकवली की उभी बाई. पोटाला एका बाजूनं हलका फुगवटा दिला की गर्भार बाई. पाठीच्या मणक्यांसारखे दोन-चार बारीक उंचवटे, बस्स. कुठेही चेहरा काढलेला नसतो, तरी तो घडा खोलीत आहे म्हणजे कुणीतरी आहे असं वाटत राहतं. इनामगावच्या त्या पाय असलेल्या रांजणाची मला आठवण होते ती इथे.

ग्लेझ फाटलेलं, अंगावर फोड, खडे बाहेर आलेले. ह्या चुका असतात की मुद्दाम केलेलं?

दोन्ही असू शकतं आणि फरक ओळखायला वेळ लागतो. जपानमध्ये चहाच्या वाडग्यांच्या परंपरेत काही "दोष" शतकांपूर्वीच आवडीचे झाले. मातीतला खडा भाजताना फुटून बाहेर येणं म्हणजे "इशिहाझे". ग्लेझ आक्रसून मण्यांसारखं गोळा होणं म्हणजे "काइरागी". ताकुरो कुवाता (जन्म १९८१) या दोन्ही गोष्टी इतक्या टोकाला नेतो की भडक गुलाबी ग्लेझची सालं निघून लोंबतात आणि वाडग्याच्या अंगातून खडे स्फोट झाल्यासारखे बाहेर येतात. संयमाच्या परंपरेतल्या दोन खुणा घेऊन त्यानं त्यांचा जल्लोष केला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. पण ग्लेझ तसं फाटावं आणि तरी गळून पडू नये, हे साधून बघायला गेले तेव्हा त्याची हुकमत कळली.

भारतात स्टुडिओ पॉटरी, म्हणजे कलावंतानं आपल्या स्टुडिओत स्वतः घडवलेली भांडी, कुणी सुरू केली?

एकच नाव घ्यायचं तर सरदार गुरचरण सिंग. भूगर्भशास्त्र शिकलेला हा तरुण १९१९ मध्ये जपानला गेला आणि तिथे इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, जपानी कुंभार हमादा आणि विचारवंत यानागी यांच्या सहवासात आला. साध्या, रोजच्या वापरातल्या, अनामिक हातांनी केलेल्या वस्तूंतलं सौंदर्य शोधणारी ही मंडळी. परत येऊन गुरचरण सिंग यांनी पुढे १९५२ मध्ये दिल्लीत "दिल्ली ब्लू" पॉटरी सुरू केली.

दुसरा प्रवाह पाँडिचेरीचा. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडीनं तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी उभी केली. आज भारतात नाव असलेल्या सिरॅमिक कलावंतांपैकी कितीतरी जण तिथे शिकले. तिसरा बडोद्याचा, कलाशिक्षणातून आलेला.

चौथा प्रवाह आपल्या दारातला आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. देवी प्रसाद (१९२१–२०११) शांतिनिकेतनात शिकून १९४४ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणप्रयोगात कलाशिक्षक म्हणून १९६२ पर्यंत राहिले. मुलांच्या चित्रकलेवर त्यांनी केलेला विचार आजही शिक्षकांनी वाचावा असा आहे. पुढे लंडनला युद्धविरोधी चळवळीचं काम केलं, आणि या सगळ्यात चाक सुटलं नाही. त्यांच्या लेखी चांगलं भांडं करणं आणि अहिंसक माणूस होणं या वेगळ्या गोष्टी नव्हत्या. हातानं वस्तू करणाऱ्याला सामग्रीवर जबरदस्ती करता येत नाही. ज्यानं एकदा जरी चाकावर माती मध्यावर आणली आहे त्याला हे वाक्य उपदेश वाटणार नाही. रागानं दाबलं की गोळा हातातून निसटतो.

आख्खं घर भट्टीसारखं भाजलं, हे खरं आहे का?

खरं आहे. रे मीकर यांनी १९८० च्या दशकात पाँडिचेरी-ऑरोव्हिल परिसरात हे केलं. कल्पना मूळ इराणी वास्तुविशारद नादेर खलिली यांची. कच्च्या विटांची घुमटाकार घरं बांधायची, आत आणखी कच्च्या विटा, कौलं, भांडी रचायची आणि आतून पेटवायचं. तीन-चार दिवस आग चालते. थंड झाल्यावर आतला माल काढायचा, उरतं ते भाजून पक्कं झालेलं घर. आतल्या मालातून सरपणाचा काही खर्च निघावा असा हिशेब होता. ज्या मुलखात पाऊस मातीच्या भिंती धुऊन नेतो तिथे गरिबाला स्वस्त पक्कं घर मिळावं, ही त्यामागची तळमळ. सगळीकडे पसरेल अशी ती पद्धत झाली नाही. सरपण लागतंच, आणि अशी घरं बांधून भाजण्याचं कसब सहज मिळत नाही. पण भट्टीच्या आत राहायचं घर बघणारा माणूस पुढे जी मोठमोठी शिल्पं करतो, ती बघताना हे घर मनात असावं.

प्रत्येक कलावंताला इतकी मोठी कल्पना लागतेच का?

मुळीच नाही. ज्योत्स्ना भट (१९४०–२०२०) यांची मांजरं बघा. कच्छमधल्या मांडवीचा जन्म, शिक्षण बडोद्याला आणि मग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. बडोद्यात १९७२ पासून तीस वर्षं शिकवलं. मांजर, घुबड, कमळाच्या शेंगा, परड्या, थाळ्या हेच त्यांचे विषय. अंग चोरून बसलेलं मांजर त्या अशा नेमक्या चार वळणांत पकडत की वर लेप फक्त एका मंद, चकाकी नसलेल्या निळ्या-हिरव्या ग्लेझचा पुरे. आयुष्यभर तेच आकार पुन्हा पुन्हा करत त्या कंटाळल्या नाहीत. घरातल्या मांजराकडे चाळीस वर्षं तितक्याच लक्षपूर्वक पाहणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

महाराष्ट्रात कोण काम करतं?

यादी लांब आहे, मी माझ्या मनातली नावं सांगते. भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित, बिहारमधल्या पारंपरिक कुंभार घरातून आलेले, २०१३ चे पद्मश्री. कुंभाराचा हात आणि स्टोनवेअरची आच यांचा असा मेळ दुर्मीळ. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी ग्लेझच्या अभ्यासात आयुष्य घातलं, त्यांनी लिहिलेलं इंग्रजी हँडबुक कितीतरी स्टुडिओंत चिखलाच्या बोटांचे ठसे अंगावर घेऊन असतं. अलिबागच्या अंजनी खन्ना देवळांच्या दगडातला याली, म्हणजे अर्धा पशू अर्धा आणखी काही, मातीत आणतात आणि त्याला आजच्या माणसाचे पेच देतात. मुंबईच्या साविया महाजन कागद आणि जुनी पुस्तकं पोर्सलीनच्या पातळ काल्यात बुडवून भाजतात. कागद जळून जातो, पानांच्या पापुद्र्यांचा मातीचा सांगाडा उरतो.

आणि त्याआधी, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेतलेली भांडी होत होती. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहता येतात.

मग कुंभार आणि सिरॅमिक कलावंत यांत फरक काय?

या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकत नाही आणि ते मला टोचतं. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरवत आहेत. त्यांच्यातला एखादा माणूस तासाभरात जितक्या पणत्या एकसारख्या काढतो, तितक्या मला दिवसभरात जमणार नाहीत. माझ्या मगाखाली माझी सही असते, त्याच्या माठाखाली नसते. किमतीतला बराचसा फरक त्या सहीचा आहे.

अमेरिकेतल्या शिकागोचे थिएस्टर गेट्स हा प्रश्न उघडपणे हाताळतात. ते नगररचना आणि सिरॅमिक दोन्ही शिकले, जपानमधल्या तोकोनामे या कुंभारांच्या गावी राहून काम केलं. त्यांच्या कामात डेव्हिड ड्रेक पुन्हा पुन्हा येतो. हा १९ व्या शतकातला, साउथ कॅरोलिनामधला गुलाम कुंभार. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा असताना तो आपल्या भल्यामोठ्या रांजणांवर नाव, तारीख आणि दोन ओळींच्या कविता कोरत असे. १८५७ च्या एका रांजणावर तो आपली सगळी नात्याची माणसं कुठे असतील, असं विचारतो. ती माणसं विकली गेली असावीत. ओल्या मातीत कोरलेली सही म्हणजे काय, हे त्या रांजणानं मला शिकवलं.

आपल्याकडे तेरचे गोरोबाकाका आहेतच. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे बघणारा कुंभार. विचाराची कसोटी कुंभाराच्या हत्यारानं घेतली गेली, हे आपल्या परंपरेनंच सांगून ठेवलं आहे.

एका मगाला हजार-बाराशे रुपये का?

माती, गॅस, वीज, जागेचं भाडं हे दिसतं. न दिसणारा खर्च नुकसानीचा. स्टोनवेअरची माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा टक्क्यांहून अधिक आक्रसते. जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या गतीनं आक्रसले की तडा. ५७३ अंशांवर मातीतलं क्वार्ट्‌झ अचानक आकार बदलतं, तिथे भट्टी घाईनं थंड झाली की तडा.

आणि ओल. माझ्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मी जाड बुडाची एक मोठी कुंडी पुरती वाळायच्या आत भाजायला ठेवली. प्रदर्शन जवळ आलं होतं. शंभर अंशांपुढे आतल्या पाण्याची वाफ झाली आणि कुंडी फुटली. भट्टी उघडली तेव्हा तिचे तुकडे मैत्रिणीच्या सहा वाडग्यांत पडलेले होते, तिच्या महिन्याभराच्या कामात. ती मला काही बोलली नाही, तुकडे उचलायला माझ्या शेजारी बसली. तेव्हापासून मी प्रत्येक भांडं भट्टीत ठेवण्याआधी गालाला लावून बघते. गार लागलं तर अजून ओलं आहे.

प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळेल?

मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालय. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, त्या चुकवू नका. पाँडिचेरीला गेलात तर ऑरोव्हिलच्या आसपास अनेक स्टुडिओ आहेत. भारतीय सिरॅमिक त्रैवार्षिक प्रदर्शन सहा कलावंतांनी मिळून सुरू केलं. पहिलं २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात झालं, दुसरं २०२४ मध्ये दिल्लीत. पुढचं जाहीर होईल तेव्हा सवड काढून जा.

मला कलेतलं फारसं कळत नाही. एखादं काम बघायचं कसं?

आधी भोवती फिरा. समोरून दिसतं ते मांडणाऱ्यानं निवडलेलं असतं, मागची बाजू आगीनं निवडलेली असते. काठ बघा, कारण हात शेवटी तिथे थांबलेला असतो. उचलायची परवानगी असेल तर दोन्ही हातांनी उचला आणि वजन अपेक्षेपेक्षा जास्त आहे की कमी, ते मनात नोंदवा.

मग उलटं करा. बुडाला बहुधा ग्लेझ नसतं, तिथे माती उघडी दिसते. चाकावरून दोऱ्यानं कापल्याची शिंपल्यासारखी रेघ कधी कधी राहिलेली असते. एखाद्या बोटाचा ठसाही.

सरतेशेवटी, दाखवणाऱ्याला चालणार असेल तर, नखानं हलकेच वाजवा. पक्कं भांडं खणखणतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. कुठे न दिसणारा तडा असेल तर बद्द वाजतं.